पितळी पिल्लू

मार्गशीर्ष उतरणीला लागला होता. वारणेवरचे शुभ्र धुके उसाच्या तुऱ्यांवर टेकले होते, आणि तुरे धुक्याहूनही शुभ्र. गुऱ्हाळाचा धूर, मधुगंधी, मंदगामी, गावावरून असा सरके की जणू कुणी गावालाच धूप दाखवते आहे.

त्या दहिवरओल्या प्रभाती कालिंदीकाकूंच्या देवघरात बाळकृष्ण नव्हता.

समई होती. तुळस होती. वाटीत लोण्याचा चंद्र होता. इवल्या पाटावर मात्र, जिथे तो पितळेचा रांगता देव एकतीस वर्षे बसला, तिथे चंदनाचा एक वाळला ठिपका.

काकूंचा नेम होता, देवाला न्हाऊ घातल्यावाचून पाणी प्यायचे नाही. कोरड्या ओठांनी त्या घर धुंडाळू लागल्या. माजघर झाले, पडवी झाली. परसातल्या रिकाम्या गोठ्यात, गोणपाटाच्या ढिगात, देव सापडला.

पिंगी, त्यांची तांबूस कुत्री, त्याच्याभोवती वेटोळे घालून पडली होती. तिच्या पोटाशी तिघे होते: मक्याचे एक कणीस, काकूंच्या नवऱ्याची, भास्कररावांची, एक चप्पल, आणि नवनीतप्रिय, मेघश्याम, घराचा कुळस्वामी. तिघांनाही ती सारख्याच मायेने चाटत होती. काकूंनी हात पुढे केला, तशी पिंगी गुरगुरली. चार वर्षांत पहिल्यांदा.

परसाच्या भिंतीवरून शेजारच्या इंदुमतीने डोकावून पाहिले आणि पदर सावरून हात जोडले. "वहिनी, देवानं आई निवडली बघा. आता उचलू नका. पाप लागंल."

काकूंनी उचलले नाही. तिथेच, गोणपाटापाशी बसून, दुरून पळीभर पाणी देवावर सोडले. अर्धे देवावर पडले, अर्धे पिंगीच्या नाकावर. मग त्या पाणी प्याल्या.

आश्विनात पिंगी माजावर आली तेव्हा काकूंनी तिला दाराआड ठेवले होते. तरी आता दोन महिन्यांनी पोट सुटले, आचळे भरली, दुधाचे थेंब आले. एखादा टग्या भिंत ओलांडून आला असणार, असे काकूंनी मनाशी ठरवले आणि बाळंतपणाची तयारी मांडली. रोज अळिवाची खीर. रोज कोमट तेलाचा हात. म्हशींच्या घरात वाढलेली बोटे ती; भरलेली कास दिसली की मोकळी करणे एवढेच त्यांना ठाऊक. पिळावे तितके दूध यायचे. यायचे तितके काकू पिळायच्या.

तिसऱ्या दिवशी एक आचळ जास्वंदीसारखे लाल झाले, हाताला चटका देणारे, दगडासारखे घट्ट. पिंगीने खीर हुंगली आणि मान फिरवली.

तेव्हा तालुक्याहून डॉक्टरीणबाई आल्या. नसरीन मुल्ला त्यांचे नाव, वयाने काकूंच्या लेकीएवढ्या. त्यांनी पोट दाबून पाहिले, यंत्र लावून पाहिले, आणि हळूच म्हणाल्या, "काकू, ही गाभण नाही. पोट रिकामं आहे."

"मग दूध कुठनं आलं?"

"माज सरल्यावर काहींच्या अंगाला खोटंच वाटतं, पिल्लं झाली म्हणून. आपसूक उतरतं ते, दोनतीन आठवड्यांत. पण तुम्ही रोज पिळताय. म्हणजे अंगाला रोज सांगताय, अजून हवंय. म्हैस नाही ती."

पायरीवर बसलेले भास्करराव खोकले. हसू लपवायची त्यांची ती जुनी तऱ्हा.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिले आणि बजावले. आचळांना हात लावायचा नाही, शेकायचे नाही, चाटू द्यायचे नाही; पोटाला जुन्या बनियनचा पट्टा बांधायचा. खीर बंद. खाणे थोडे कमी, पाणी हवे तितके, फिरणे भरपूर. लाली वाढली, पू दिसला, तर त्याच दिवशी फोन. पुन्हापुन्हा होऊ नये म्हणून गर्भपिशवीचे ऑपरेशन आहे, पण ते दूध पुरते आटल्यावर, आता नाही. "आणि ही पिल्लं उचला. ती फिरायला गेली की उचला, म्हणजे झटापट नको."

"त्यात देव आहे, बाई."

"देव तुमचा, काकू. तिच्या लेखी पिल्लूच. तो समोर असेल तोवर दूध आटायचं नाही. आचळ पिकलं तर चिरावं लागेल."

भिंतीपलीकडून इंदुमती म्हणाली, "बघा हं वहिनी. देवाला आईपास्नं तोडायचं म्हंजे."

काकूंचा आवाज कधी भिंत ओलांडत नसे. त्यांनी नवऱ्याच्या हाती साखळी दिली. "ओढ्यापर्यंत न्या. लवकर येऊ नका."

मग त्या गोठ्यात वाकल्या. कणीस उचलले. चप्पल उचलली. आणि देव उचलला.

देव ऊन होता.

एकतीस वर्षे त्यांनी त्याला गार पाहिले होते. माघात गार, वैशाखातही गार. कापसाच्या वस्त्रात, रेशमी अंगरख्यात, गारच. आज तो पितळी देह एखाद्या निजल्या लेकरासारखा उबदार, दुधाळ, श्वास घेईल असा. काकूंची मूठ मिटली. वाटले, ठेवावा परत. आपण आयुष्यभर मंत्र घातले, हिने नुसते पोट दिले, आणि देव तापला.

पण त्याच उबेत ते लाल आचळ होते.

त्यांनी मूठ घट्ट केली. देवघरात गेल्या. देवाला चिंच लावली, राख लावली, न्हाऊ घातले. धारेखाली ऊब निवत गेली, निवत गेली, आणि गेली. दाराला कडी घातली. आणि ओल्या हातांनीच संकल्पाची पळी सोडली: ते दूध आटेपर्यंत हा हात त्या पोटाला लागणार नाही. उपास त्यांनी पुष्कळ केले होते अन्नाचे. हा उपास मायेचा होता.

पिंगी परतली. गोणपाट उकरले. चुलीमागे पाहिले, पाटाखाली पाहिले, देवघराच्या दाराशी नाक लावून ती बारीक, रेशीमधाग्यासारखी कण्हली. दुपारभर कण्हली. काकू समोर बसून वाती वळत राहिल्या. बोटे शिवशिवत होती, म्हणून वाती वळत राहिल्या. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. पिंगीने गुडघ्यावर डोके ठेवले, तेव्हा त्यांनी कपाळ कुरवाळले, कान कुरवाळले, आणि तिथे हात थांबवला.

"चल," त्या म्हणाल्या, आणि साखळी स्वतः धरली.

मग रोज सकाळी, रोज सायंकाळी. चाळीस वर्षांत जी बाई देवळापलीकडे गेली नव्हती, ती ओढा ओलांडू लागली. काष्टा खोचून, श्वास आवरून, बांधाबांधाने. लोक म्हणत, काकू निघाल्या वाटतं. काकू मान हलवत आणि चालत. लाली फिकी झाली. गाठ मऊ झाली. पट्टा कोरडा राहू लागला.

सतराव्या सकाळी, तोडणी झालेल्या उसाच्या रानात, पाचटावर टिटव्यांचा थवा उतरला होता. पिंगीचे कान उभे राहिले. काकूंनी साखळी सोडली.

आणि ती धावली. हलकी, रिकामी, तांबूस, वाऱ्याची लेक होऊन धावली. टिटव्या उडाल्या, पांढऱ्या पंखांनी आभाळ क्षणभर उघडले, क्षणभर मिटले. खाली ती धावत होती, नुसती धावत होती, उन्हात, उन्हासारखी, आणि उन्हातच.