शकुंतलाबाईंच्या लाँचमधल्या दोन टाक्या

चार दिवस झाले, विठोजी मिस्त्रीच्या जिवाला चैन नव्हतं. बसला की उठावंसं वाटे, उठला की कुठं जावं ते कळेना. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ठेवून तो चष्माच शोधत शेडभर फिरला, आणि कामावरची माणसं खुशाल बघत राहिली. सांगेल कोण? मिस्त्रीचा राग सगळ्या हलसूरला ठाऊक होता.

आणि हे सगळं कशापायी, तर संडासाच्या टाकीपायी. हसू नका. साठ सालच्या बंगळुरात नदीवरची लाँच बांधणं हीच मुळात नवलाई, त्यात तिच्यात संडास!

पण बसवनगुडीच्या शकुंतलाबाईंनी तसं ठरवलं होतं. जुन्या मराठी घराण्यातली बाई, सोवळ्यातली विधवा, एकदा बोलल्या की काळ्या दगडावरची रेघ. गेलेल्या नवऱ्याच्या नावानं तिरुमकूडलूला कावेरीच्या संगमावर यात्रेकरूंसाठी लाँच सोडायची, म्हाताऱ्या बायकांना दिवसभर फिरवून आणायचं, असं त्यांच्या मनात होतं.

"बाप्ये कुठंही आडोसा बघतात रे," त्या विठोजीला म्हणाल्या होत्या. "बायकांनी काय करायचं? दिवसभर पोट धरून बसायचं? संडास पाहिजेच. पण कावेरीत थेंब पडता उपयोगी नाही. आई आहे ती."

म्हणून टाकी. घाण टाकीत साठवायची, संध्याकाळी काठाला लागलं की पंपानं उपसून खड्ड्यात टाकायची. इथवर ठीक. मग बाईंनी दुसरी अट घातली.

"पाण्याची टाकी लाँचच्या एका टोकाला, आणि ती मेली दुसऱ्या टोकाला. मधे सगळी लाँच. सरी?"

"सरी, अक्का, ठीक," विठोजी म्हणाला. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

तीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांच्या मोटारींना ठिगळं लावली होती. तळापासून टपापर्यंत आपल्या हातची म्हणावी अशी ही पहिलीच वस्तू. तिला हलसूरच्या तळ्यात उतरवली तेव्हा त्याची छाती फुगली होती. पुढची टाकी पाण्यानं भरली, आठ माणसं बसवली, आणि नाक स्वल्प खाली गेलं. चालेल म्हणाला. मग दिवस मावळताना काय होईल ते बघायला पुढचं पाणी उपसून मागच्या टाकीत भरलं. अरे देवा! शेपूट बुडालं, नाक वर झालं, वाऱ्याची झुळूक आली तशी लाँच गरकन फिरली. आठांतल्या दोघांनी रामनाम घेतलं. हे तर साधं तळं. संगमावर दोन नद्यांची ओढ असते, आणि आत म्हाताऱ्या.

विठोजी काठावर डोकं धरून बसला. बसल्या बसल्या त्याला उमगलं. पिण्याचं, पाय धुण्याचं, संडासात ओतण्याचं, सगळं पाणी एकाच टाकीतलं. इथून जेवढं जाणार, तेवढंच तिथं साठणार. मग दोन्ही टाक्या लाँचच्या मधोमध, शेजारी शेजारी ठेवल्या तर वजन जागचं हलणारच नाही! सकाळी जशी, तशीच संध्याकाळी.

त्यानं तसंच केलं. दोन टाक्या, दोन वेगळे पत्रे, मधे तळहात जाईल एवढी फट, वरून सागवानी फळ्या. तळ्यात पुन्हा तपासली, तर लाँच वाटीतल्या वरणासारखी समतोल. आणि बाईंना मात्र सांगितलं नाही.

"सांगून टाका की हो," चंद्राबाई, त्याची बायको, म्हणाली. भाकरी तशीच ताटात पडलेली. "अन्नावर कसला राग?"

"सांगू? आणि त्या म्हणाल्या, लाँचच नको, तर?"

"मग नका सांगू."

"न सांगू? सोवळ्यातली बाई ती. फसवून पाणी पाजू तिला? नरकात जाईन मी!"

"मग जेवून तरी जा," चंद्राबाई म्हणाली. विठोजी भडकून उठला आणि तडक बसवनगुडीला गेला. बाईंचं फाटक दिसताच तो तसाच परत फिरला. असं दोनदा झालं. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी बाईंनी लाँच बघायला यायचा दिवस उजाडला. शकुंतलाबाई आल्या, नारळ फोडला, लाल लुगड्याचा पदर सावरून मधल्या बाकावर बसल्या. नेमक्या टाक्यांवर! विठोजीला घाम फुटला. लाँच तळ्यात शिरली, एक फेरी झाली. बाईंच्या चेहऱ्यावर अगदी लहान मुलीसारखं हसू आलं.

"काय सुरेख चालते रे! पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही."

आता मात्र त्याला राहवेना. तो त्यांच्यासमोर खाली बसला.

"अक्का, मी पापी आहे. दोन्ही टाक्या शेजारीच आहेत. तुमच्या पायाखाली. लांब ठेवल्या तर लाँच उलटली असती. मधे फट ठेवलीय, पत्रा जाड आहे, थेंब इकडचा तिकडे जाणार नाही. पण तुम्हाला फसवून पाणी पाजणार नाही मी."

बाईंनी खाली फळ्यांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"एवढंच ना? अरे, ते मी लोकांसाठी म्हटलं होतं. बायका नाकं मुरडतात म्हणून. फळ्या नीट बसवल्यास ना? मग झालं. कुणाला सांगू नकोस."

"पण तुम्ही, अक्का..."

"मी कुठं ते पाणी पिणार होते, वेड्या?" बाई मायेनंच बोलल्या. पिशवीतून त्यांनी फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या काढला. "टाकीला तुझा हात लागलाय ना. वाईट वाटून घेऊ नको हो, कुणाच्याच हातचं चालत नाही मला."

आणि त्या तोंड फिरवून वरून धार सोडून पाणी प्यायल्या.

चार दिवसांचं ओझं उतरलं होतं. लाँच जाणार होती, संगमावर फिरणार होती. विठोजीला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. पत्र्यांतल्या फटीसाठी त्यानं अन्न सोडलं होतं, आणि बाईंच्या लेखी पाणी बाटलं होतं ते त्याच्याच हातानं, पहिला पत्रा कापला त्याच दिवशी. त्याला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. बाई तर हसत होत्या.

त्यानं टाकीच्या नळाखाली पेला धरला. नव्या लोखंडाचा वास मारणारं ते पाणी तो उभ्याउभ्या गटागटा प्यायला.

"गोड आहे का रे?" शकुंतलाबाईंनी काळजीनं विचारलं. "बायका पितील ना?"

"गोड आहे, अक्का," विठोजी म्हणाला, आणि त्यानं पेला पुन्हा भरून घेतला.