हॅनाच्या वाट्याला अर्धं पान

मार्टिन व्हॅन ब्यूरेन, अमेरिकेचा आठवा राष्ट्राध्यक्ष, आमच्या गावात जन्मला नाही. पाच मैल पलीकडे जन्मला. आमच्या स्टेनकिलमध्ये हे कुणी फार मोठ्यानं बोलत नाही. वाट चुकून आलेल्या पाहुण्यांनी "तो इथलाच ना?" असं विचारलं, तर आम्ही "हा सगळा परिसर त्याचाच म्हणायचा" असं सांगतो आणि त्यांना सफरचंदाचा रस विकतो. खुद्द मार्टिननंही असंच काहीतरी उत्तर दिलं असतं. पक्ष बांधावा तर त्यानं, असं म्हणतात, पण सरळ हो किंवा सरळ नाही म्हणण्याबद्दल त्याची ख्याती नव्हती. आम्ही त्याच्याकडून एवढाच एक गुण उचलला.

मी इथल्या दोन खोल्यांच्या वाचनालयात काम करते. शाळा अर्धवट सोडली होती. पुढचं जे काय शिकले, ते परत आलेली पुस्तकं जागेवर लावता लावता. खिडकीपाशी एक लहानसं कपाट आहे, त्यात मार्टिनची अकरा चरित्रं. शेजारी हीटर, हीटरला लागून खुर्ची, आणि खुर्चीत रोज सकाळी एव्हरेट होगबूम. रस्ते खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते बारावं चरित्र लिहीत होते.

"आज कुठवर आलं, मिस्टर होगबूम?" मी विचारायची.

"हॅना आजारी आहे."

"अजून?"

"खोकला हटत नाही तिचा."

हॅना म्हणजे मार्टिनची बायको. ती अठराशे एकोणीसमध्ये गेली. एव्हरेटच्या वहीत मात्र ती कित्येक वर्षं नुसती खोकत होती. मार्टिन तिच्यामागे त्रेचाळीस वर्षं जगला, दुसरं लग्न केलं नाही, आणि म्हातारपणी स्वतःचं जाडजूड आत्मचरित्र लिहिलं. त्यात सगळे राजकारणी आहेत, हॅनाचं नाव कुठेही नाही. आमच्या अकरा चरित्रकारांनी तिला फार तर अर्धं अर्धं पान दिलं होतं. एव्हरेट रोज ती अकरा अर्धी पानं वाचायचे आणि पेन मिटून खिशात ठेवायचे. त्यांची बायको अल्मा गेली आणि त्यांचं लिखाण थांबलं, हे एकाच हिवाळ्यात झालं. सगळ्या गावाला ते माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

मग वाचनालय समितीच्या अध्यक्षा मार्जोरी स्टाट्स यांना व्हिडिओ कॅसेटसाठी जागा हवी झाली.

"नियम आहे, लोरेटा," त्या मला म्हणाल्या. "तीन वर्षांत जे पुस्तक कुणी घरी नेलं नाही, ते अग्निशमन केंद्रातल्या विक्रीला जातं. या अकरांवर शेवटचा शिक्का कधीचा आहे, बघितलास?"

"मिस्टर होगबूम रोज वाचतात की ती."

"इथे बसून वाचतात. घरी का नेत नाहीत?"

मी परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा उचलला. घरी नेली तर "कुठवर आलं?" असं विचारणार कोण? ते कपाट गेलं, तर त्या माणसाला सकाळी उठून दाढी करायला काही कारण उरणार नव्हतं. मार्जोरी वाईट नाहीत, त्यांना फक्त मोकळी जागा दिसली की चैन पडत नाही.

मी ती चरित्रं चाळली होती. त्यांतून एक धडा पक्का शिकले होते: सभा ही सभेत जिंकायची नसते. मार्टिन आधी घरोघर जायचा, तब्येत विचारायचा, हवेवर बोलायचा, आणि तो उठून गेल्यावर यजमानाला वाटायचं की कल्पना आपलीच होती. समितीत मार्जोरी सोडून तिघं. मी कोट चढवला.

क्लेटन वॉसबर्गच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी दोन खिळे घेतले.

"दोनच?" क्लेटन म्हणाला. "मोठं बांधकाम दिसतंय."

"मार्टिनच्या चरित्रांत कुणी वॉसबर्ग आहे का रे? तुझ्या घराण्यातला?"

"कुठल्या चरित्रात?"

"अकरा आहेत. कोण शोधत बसणार?"

दुपारी येऊन तो चार घेऊन गेला. दातांचे डॉक्टर प्राइन यांना मी माझी दाढ दाखवता दाखवता म्हटलं, की मार्टिन कुठल्याच चित्रात दात दाखवत नाही, का बरं असेल? त्यांनी तीन नेली. पाद्रीबुवांच्या बायकोला, बर्निसला, झोप येत नव्हती. तिला मी खरं तेच सांगितलं, की यांतलं कुठलंही चालेल. तिनं दोन नेली. उरली दोन. ती मी माझ्या सुटीच्या दिवसानंतर माझ्याच नावावर घ्यायची ठरवली, पण परत कामावर आले तर तीही नव्हती. जागा बदलली असेल म्हणून मी सगळीकडे शोधलं.

सभेच्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत ओलीकुक तळत होते. आमच्या जुन्या डच घरांतली ही गोड भजी असली की समिती चिडचिड कमी करते. बाहेर आले तर एव्हरेट रिकाम्या कपाटासमोर उभे होते. विक्रीचं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि आज शेवटची दोनही दिसत नव्हती. टोपी हातात.

"तर झालं म्हणायचं," ते म्हणाले.

"अहो, तसं नाही," मी म्हणाले, आणि तेवढ्यात दारातून मार्जोरी आत आल्या. आता बोलले असते तर डाव उघडा पडला असता. "सभा चार वाजता आहे," मी म्हटलं. "बघू या."

एव्हरेटनी माझ्याकडे बघितलं. "मार्टिनला शोभलं असतं हे उत्तर," ते म्हणाले. टोपी घातली आणि निघून गेले. वही विसरले नाहीत, हे मला जास्त लागलं. एरवी खुर्चीवर ठेवून जायचे.

चार वाजता मार्जोरींनी नियम वाचून दाखवला. मी म्हटलं, नियम कबूल, पण पुस्तकं बाहेर गेलेली आहेत. प्रत्येकावर या महिन्याचा शिक्का पडला असणार.

"मला अजून वॉसबर्ग सापडायचाय," क्लेटन तोंडात ओलीकुक धरून म्हणाला.

"दातांचा उल्लेख येईलसं वाटतंय," डॉक्टर म्हणाले.

"माझी तर तेराव्या पानापुढे प्रगतीच नाही," बर्निस म्हणाली. "छान झोप लागते."

"शेवटची दोन कुणी नेली, ते मात्र मला माहीत नाही," मी कबूल केलं.

मार्जोरींनी शांतपणे आपल्या विणकामाच्या पिशवीतून दोन्ही काढून टेबलावर ठेवली. "तू दोन खिळे विकत घेतेस म्हटल्यावर मला शंका आली," त्या म्हणाल्या. "हा मार्टिन तुला काय काय शिकवतोय ते बघायला नेली. सोमवारी, तू नसताना. शिक्का माझ्याच हातानं मारला." मग पिशवी मिटत म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम. कपाट राहील."

मी जिंकले होते, पण माझं लक्ष रिकाम्या खुर्चीकडे होतं. उरलेली भजी डब्यात भरली आणि चालत एव्हरेटकडे गेले. वाटेत ठरवलं, की आता हवेवर बोलायचं नाही.

त्यांनी दार उघडलं. मी उंबरठ्यावरूनच सुरू केलं. "पुस्तकं मीच वाटली. कपाट राहिलंय. सकाळी मार्जोरी आल्या म्हणून बोलले नाही, ते चुकलं. तुम्ही उद्यापासून यायचं. नियमासाठी नाही, मला तुम्ही यायला हवे आहात म्हणून."

स्टेनकिलमध्ये इतकं सरळ कुणी बोलत नाही. एव्हरेट जरा गोंधळले. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, बहुधा कशाला तरी धरावं म्हणून.

"आत ये," ते म्हणाले. "हॅना गेली."

स्वयंपाकघराच्या टेबलावर वही उघडी होती. सकाळपासून त्यांनी पंधरावीस पानं लिहिली होती, शाईचे डाग पाडत. मी वाचत उभी राहिले. हॅनाचे पाय कायम गार असायचे. ती भांडण झालं की कपाटांची दारं आपटायची नाही, उलट फार हळू लावायची, आणि ते जास्त वाईट असायचं. खोकला वाढला तसं तिनं दुसऱ्या खोलीत झोपायचं ठरवलं, त्याची झोप मोडू नये म्हणून, आणि त्यानं ते मान्य केलं. त्यानं ते मान्य करायला नको होतं.

मी पान उलटलं.

"मिस्टर होगबूम," मी म्हटलं, "हॅना दर गुरुवारी बोलिंग खेळायला जायची, असं लिहिलंय. अठराशे एकोणीस साली?"

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "ते अल्माचं आलंय," ते म्हणाले. "खोडावं लागेल."

"आज नका खोडू."

"बरी खेळायची ती."

"मला माहीत आहे. आमच्या संघाला दरवर्षी हरवायची."

आम्ही भजी खाल्ली. गार झाली होती. मग त्यांनी विचारलं, "पुस्तकं परत कधी यायची आहेत?"

"पंधरा दिवसांत."

"घाई करू नकोस. ती अकराही मंडळी माझ्या खांद्यावरून वाकून बघत असतात. जरा बाहेर असली की बरं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "खुर्ची आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. सरळ.

म्हणजे मला परत कोट चढवून घरोघर जाणं आलं, या वेळी पुस्तकं परत आणू नका म्हणून. क्लेटनला फार सांगावं लागलं नाही, तो त्याच्या घराण्याच्या जवळपास पोचला होता म्हणे. मार्जोरी अंगणात पानं गोळा करत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खराटा भिंतीला टेकवला.

"मुदत वाढवून दे माझी," त्या म्हणाल्या. "अर्धं पुस्तक संपलं, लोरेटा, आणि या माणसानं अजून एकाही प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही. आता देईपर्यंत मी सोडत नाही."

तो देणार नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, बघा.