उर्वीची तयारी

अंबरीश सर लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. जुन्या प्रश्नपत्रिका पोरांकडून घोटून घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यांच्या तीन वर्षांच्या उर्वीला ऑटिझम निघाला, तेव्हा थेरपिस्ट सादिया मॅडमनी चाचणी घेऊन आठवड्याला पाच दिवस थेरपी लावली. सहा महिन्यांनी परत चाचणी होती. सरांनी पहिल्या वेळचं सगळं लक्षात ठेवलं होतं. तसलेच ठोकळे, तसलीच चित्रं आणून त्यांनी वीस दिवस रोज सकाळी लेकीला बसवलं.

"अहो, ती काय बारावीला आहे का?" मनस्विनी एकदा म्हणाली. सरांनी बायकोचं ऐकलं नाही.

चाचणीत उर्वीनं एकही चित्र चुकवलं नाही. मॅडमनी थेरपीच्या पाच दिवसांचे दोन केले. सरांनी क्लासमध्ये पेढे वाटले.

चार महिन्यांनी मॅडमच्या खोलीतच उर्वी माठापाशी जाऊन रडू लागली. काय पाहिजे ते तिला सांगता येईना. सरांनी सवयीनं खिशातलं चित्र पुढं धरलं. "पाणी," उर्वी चित्राकडं बघून म्हणाली, आणि माठाला बिलगून पुन्हा रडायला लागली.

मॅडमनी तिला पेला भरून दिला. "सर, हे घरी घोटून घेतलं होतं?"

"हाव. मार्क कमी पडू नयेत म्हणून."

"तिला काय येत नाही, ते मला बघायचं होतं. नेमकं तेच तुम्ही झाकलंत."

"मग परत घ्या ना चाचणी."

"घेते की. तुमच्याकडं पोरं वर्ष रिपीट करतात, सर. हे वय रिपीट होत नसतं."