अंगठ्याचं काम

माझा डावा हात गेला, तेव्हा सगळ्यांत आधी शहाणपण सुचलं ते धाकट्या दिरांना.

"वहिनी, एका हाताने टाळी वाजत नाही. आता आराम करा."

"टाळी कुणाला वाजवायचीय, भाऊजी? मला पानं लावायचीत."

छापखाना आमचा घरचा. खाली यंत्रावर माझे यजमान, वरच्या खोलीत संगणकावर पानं लावायला मी, आणि काउंटरवर बसून दोघांना हुकूम सोडायला भाऊजी. यजमान वयाने मोठे, पण धाकट्या भावासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. अर्धांगाचा झटका आला, त्यातून मी उठले, चालायला लागले. हात मात्र लोंबत राहिला. मग भाऊजींनी परस्पर ठरवून टाकलं, की सोमवारपासून वर नवीन माणूस येईल आणि वहिनी काउंटरवर बसतील. "नुसतं बसायचं, आल्यागेल्याशी हसून बोलायचं." हसून बोलणं मला दोन्ही हात धड होते तेव्हाही जमलेलं नाही.

अडचण खरी होती, नाही म्हणत नाही. उजव्या हाताने माऊस धरायचा आणि डाव्याने कळा दाबून उचल-चिकटव, म्हणजे कॉपी-पेस्ट करायचं, हे पानं लावणाऱ्याचं निम्मं काम. आता एकटा उजवा हात माऊसवरून कळांवर आणि कळांवरून माऊसवर धावून दमायचा. त्यात काम पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांच्या कॅटलॉगचं. प्रत्येक पानावर चित्रं, नावं, मापं, सगळं खणाखणात बसवायचं. एकदा माझं लक्ष अंगठ्याकडे गेलं. चार बोटं राबतायत आणि हा गडी माऊसला टेकून आरामात पडलेला! मी त्याच दिवशी अंगठ्याशेजारी दोन जादा बटणं असलेला माऊस आणला. एकाने उचलायचं, दुसऱ्याने चिकटवायचं.

बटणं ढिम्म. भाऊजींनी संगणक चालवायला फुकट मिळणारी प्रणाली घातलेली, फुकट ते पौष्टिक म्हणून. दुरुस्तीवाला आला, दोन्ही बटणं दाबून बघितली आणि म्हणाला, "ताई, या बटणांना इथे कुणी विचारत नाही. चाक फिरतंय ना? मग झालं तर." त्याने हात टेकले. मला टेकायला एकच होता, आणि तो कामात होता.

मग मीच सेटिंगची फाइल शोधून उघडली. त्यात प्रत्येक बटणाला आकडा होता. डावं एक, मधलं दोन, उजवं तीन. म्हणजे बाजूची दोन झाली चार आणि पाच, हे शेंबडं पोरही सांगेल. चारला उचल लिहिलं, पाचला चिकटव लिहिलं आणि कॅटलॉग उघडून ऐटीत चाक फिरवलं.

पानभर रबरी वॉशर! शेवटी उचललेला तोच होता. चाक खाली फिरवावं तसा एकाखाली एक वॉशर चिकटत गेला, पंपाचं चित्र गेलं, मापं गेली. आणि नेमके तेव्हाच भाऊजी माझ्या पाठीशी येऊन उभे.

"बघा," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, हट्ट सोडा."

ओरडले असते तर चाललं असतं. त्या मऊ आवाजाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते स्वतः माझी खुर्ची उचलून खाली घेऊन गेले, काउंटरमागे ठेवायला. सोमवारची वाट बघण्याचंही सौजन्य नव्हतं.

मी उभीच राहिले. रडण्याऐवजी विचार केला. चाकाला मी काहीच सांगितलं नव्हतं, मग त्याने चिकटवलं कसं? याच संगणकात, आपण काय दाबलं त्याचा आकडा दाखवणारी एक छोटी सोय आहे. ती उघडली आणि चाक वर ढकललं. चार. खाली ओढलं. पाच. हात् मेल्या! एक चाक आणि दोन जागा अडवून बसलेलं, आमच्या भाऊजींसारखं. अंगठ्याने बाजूची बटणं दाबली, तर आकडे आले आठ आणि नऊ. मधले सहा-सात कुणासाठी राखून ठेवलेत, देव जाणे.

चाकाला त्याचे चार-पाच परत दिले. माझं आठ आणि नऊवर लिहिलं.

आणि चाललं! चाक फिरवलं की पान सरकायचं, अंगठा दाबला की पंप उचलला जायचा, दुसऱ्या बटणावर दाबला की खणात बसायचा. मी उभ्याउभ्याच वॉशर उपसून टाकले, ते पान लावलं, दुसरं लावलं. पाय थरथरायला लागले तशी टेबलाला कंबर टेकवली. थांबायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

भाऊजी पुन्हा वर आले. लागलेली पानं बघितली आणि म्हणाले, "ठीक आहे, पण किती दिवस ओढाल? आणि नवीन माणसाला मी शब्द दिलाय. हा माऊसही पहिल्यासारखा करून ठेवा."

"माऊस असाच राहील. नवीन माणसाला काउंटरवर बसवा. हसतमुख आहे का तेवढं बघून घ्या."

"वहिनी, अहो, खुर्चीसुद्धा खाली गेली आता."

जिन्यावर पावलं वाजली. यजमान वर येत होते, हात शाईने माखलेले आणि खांद्यावर माझी खुर्ची. भाऊजी दारातच उभे होते.

"बाजूला हो," यजमान म्हणाले.

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, भाऊजींनीही नसावा. ते बाजूला झाले. यजमानांनी खुर्ची संगणकासमोर ठेवली, तिच्या पाठीवर लागलेला शाईचा डाग बाहीने पुसला आणि खाली यंत्राकडे निघून गेले.

मी बसले, पुढचं पान घेतलं. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.