कोंड्याने घासलेली गल्ली

मित्रांनो, मी एक जुनी गल्ली आहे. पण माझ्या जुनेपणावर फार विसंबू नका, कारण जन्मले त्या दिवशीच मी दोनशे वर्षांची होते. क्योतोच्या एका सिनेमा कंपनीने स्टुडिओमागच्या मोकळ्या जागेत मला उभारलं. दोन्ही बाजूंना मिळून अकरा घरं: शेवयांचं दुकान, दारूचा गुत्ता, तांदळाची वखार, वाटसरूंची धर्मशाळा. दार उघडून आत गेलात तर मात्र फसाल. आत बांबूचे टेकू आणि त्यापलीकडे आकाश. याची मला कधी लाज वाटली नाही. मला समोरून बघण्यासाठीच बांधलं होतं.

सुतारांनी हात काढून घेतला तेव्हा माझी लाकडं कोरी करकरीत होती. मग इसाबुरो मुनाकाता आले. बाकीचे मिस्त्री जुन्याचं नवं करतात, हे नव्याचं जुनं करत. त्यांनी माझ्या फळ्या आगीच्या ज्योतीने होरपळवल्या, तारेच्या ब्रशने खरवडल्या, मग चहाचं पाणी, काजळी आणि पिवळी माती कालवून फडक्याने चोपडली. भिंतींच्या पायथ्याशी केरसुणीने चिखल शिंपडला. येणारेजाणारे जिथे हात टेकतील तिथे मेण चोळलं. एकेका डागापुढे ते असे उकिडवे बसत, की पोरीची वेणी घालताहेत असं वाटावं.

पुढची बरीच वर्षं मी भरभराटीत काढली. सकाळी दुकानांवरच्या पाट्या बदलल्या की मी जुन्या काळचं एदो शहर होई, दुपारी ओसाका. माझ्या मातीत किती तलवारी खणखणल्या आणि किती मेलेले वीर उठून जेवायला गेले, याची गणतीच नाही. एकदा शूटिंग पाहायला आलेले एक आजोबा शेवयांच्या दुकानापुढे थबकले. "आमच्या आज्याचं दुकान असंच होतं," म्हणाले आणि डोळे पुसू लागले. मला मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस तेच.

मग तलवारींचे सिनेमे कमी झाले. गुत्त्याच्या छपराखाली कोळ्यांनी संसार थाटले. इसाबुरो मात्र रोज येत, कुठे पोपडा निघाला असेल तिथे डाग पुन्हा बसवत.

वर्ष सरता सरता आमच्याकडे सगळं काही धुऊन पुसून काढतात. स्टुडिओतही अठ्ठावीस डिसेंबरला झाडून सगळे डोक्याला फडकं बांधून कामाला लागत. त्या दिवशी इसाबुरो माझ्या तोंडाशी बादली पालथी घालून बसत आणि कुणाला आत पाऊल टाकू देत नसत. "जगात लोक सोनं राखतात, आमचे मिस्त्री घाण राखतात," असं म्हणून सगळे हसत. ते खुशाल हसू देत.

त्या वर्षी ते शिडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि दवाखान्यात अडकले. नेमकं तेव्हाच व्यवस्थापक आन्झाईसाहेबांनी सांगितलं, की सात जानेवारीला दिग्दर्शक काझामा जागा बघायला येणार. त्यांना गल्ली पसंत पडली तर राहील. नाही पडली तर पाडून बसगाड्या उभ्या करायला जागा करायची.

माझ्यावर सगळ्यांचा जीव. पाहुणा येणार, तर पोरीला न्हाऊमाखू घालूनच पुढे आणावी, असं त्यांना वाटलं. पुढाकार घेतला तोकिएबाईंनी. तीस वर्षं स्टुडिओची साफसफाई करणाऱ्या या बाईंना डाग दिसला की हात शिवशिवत. तांदळाचा कोंडा कापडात बांधून त्यांनी पुरचुंड्या केल्या आणि वीस माणसांनी मला दोन दिवस घासलं. मित्रांनो, मला ओरडता येत नव्हतं. संध्याकाळी मी लख्ख झाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन जानेवारीला इसाबुरो कुबड्या घेऊन आले आणि माझ्या तोंडाशीच थांबले. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण ते नुसते त्या बादलीवर बसले.

तोकिएबाई लगबगीने आल्या. "कशी दिसते, मिस्त्री? आरसा केलाय आरसा."

"दिसतंय," इसाबुरो म्हणाले. "बावीस वर्षांचं काम बाई, तुम्ही दोन दिवसांत धुऊन काढलंत."

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. समोर कालच्या लाकडाची, दुकानात मांडून ठेवावी तशी एक गल्ली उभी होती. "मी पाडली हो हिला," त्या म्हणाल्या.

"पाच दिवस आहेत. मला वाकता येत नाही. वाकणारं कुणी द्या."

"मीच वाकते. माझं पाप, दुसऱ्याच्या कमरेला कशाला?"

पहिल्या दिवशी बाईंनी काजळी अशी सारखी फासली, की इसाबुरोंनी कपाळावर हात मारला. "ही भिंत मळलेली नाही, रंगवलेली आहे. घाण सगळीकडे सारखी बसते का?"

बाई भडकल्या. "घाण कुठे बसते ते मला शिकवू नका. तीस वर्षं पुसतेय मी. पोरं भिंतीला लाथा मारतात त्या गुडघ्याच्या खाली. दारुडा खांबाला टेकतो तो खांद्याने, हाताने नव्हे. आणि शेवया उकळणाऱ्याच्या खिडकीची काजळी वरच्या कोपऱ्यात जाते, खाली नाही."

"मग हे हातांना सांगा," इसाबुरो म्हणाले. "मला काय सांगता?"

त्यानंतर बाईंनी फडकं उलटं धरलं म्हणा ना. आयुष्यभर जिथून डाग काढले, तिथे तिथे त्यांनी ते परत नेऊन ठेवले. इसाबुरो बसल्या जागेवरून काठीने दाखवत. चौथ्या दिवसापासून त्यांनी दाखवणं सोडलं.

सात तारखेला काझामा आले. अर्धा तास एकटेच फिरले. मग गुत्त्याच्या खांबाला टेकायला गेले आणि पांढरा कोट मळेल म्हणून चटकन मागे सरले. "हे पाडायचं कुणाच्या डोक्यात आलं?" त्यांनी आन्झाईसाहेबांना विचारलं. साहेब उगाच आभाळाकडे बघू लागले.

सगळे गेल्यावर इसाबुरो बाईंना घेऊन पुन्हा एकदा मला पाहायला आले. धर्मशाळेच्या पायरीपाशी थांबून त्यांनी उंबऱ्याजवळच्या एका तपकिरी डागावर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा उजळला.

"हा बघा, हा तुमच्या कोंड्यातून सुटला. माझाच आहे. असा हात आता कुणाचा नाही."

तो डाग बाईंनी आदल्या दिवशीच घातला होता, गुडघे टेकून, तीनदा पुसून. मी पाहिलं होतं. बाईंनी डागाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या तोंडाकडे.

"हो मिस्त्री," त्या म्हणाल्या. "तेवढा एक राहिला खरा."

मित्रांनो, जुन्या वस्तूवर तुमचा जीव जडला, तर तिला हात लावण्याआधी एकदा विचारा, की हिच्या अंगावर कुणाचे कष्ट आहेत. आणि विचारायचं राहूनच गेलं, चूक झालीच, तर तोकिएबाईंसारखं खाली वाका. माझ्या अंगावर आता दोघांचे हात आहेत. कुठला डाग कुणाचा, ते मी कुणालाही सांगणार नाही.