दोन अंश मिळवून वाचावे

राघवेंद्र मास्तरांनी अकरा वर्षं एक चुकीची गोष्ट शिकवली, आणि इतक्या मनापासून शिकवली की ती चुकीची आहे हे खुद्द त्यांनाच ठाऊक नव्हतं. आता यात त्यांचा दोष किती आणि नशिबाचा किती, ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर माणूस वाईट नव्हता.

मूळचे तुळजापूरचे. भाऊबंद देवळातल्या पूजेअर्चेत, हे एकटे हैदराबादेत शिकून आले आणि धाराशिवच्या एका सरकारी हायस्कुलात सायन्सचे मास्तर झाले. निजामाचं राज्य, तेव्हा शिकवणं सगळं उर्दूत. घरी मराठी, देवापुढं संस्कृत आणि पाणी उकळायचं ते उर्दूत, असा सगळा संसार. पोरं बिचारी आधी शब्द घोकायची, मग शब्दाचा अर्थ घोकायची, आणि अर्थ डोक्यात शिरेस्तोवर परीक्षा येऊन उभी राहायची.

शाळेत काचेचं एक कपाट होतं. त्यात एक तराजू, एक लोहचुंबक, दोन चंबू आणि मखमलीच्या पेटीत एक थर्मामीटर. कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. जर्मनीच्या लढाईपासून रॉकेल रेशनवर, त्यामुळं स्टोव्ह पेटायचा वर्षातून एकदा. तो पेटला की पाणी किती अंशांवर उकळतं ते पोरांना दाखवायचं. पुस्तक म्हणायचं शंभर, थर्मामीटर दाखवायचं अठ्ठ्याण्णव. पहिल्याच वर्षी मास्तरांनी तीन-तीनदा पाणी उकळून बघितलं, पण पारा अठ्ठ्याण्णवाच्या वर म्हणून सरकेना. पुस्तक सरकारी, मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलेलं. ते कसं चुकेल? म्हणजे थर्मामीटरच दोन अंशांनी खोटं. मास्तरांनी पेटीच्या झाकणाला आतून कागदाची पट्टी डकवली आणि वळणदार उर्दूत लिहिलं, ‘दोन अंश मिळवून वाचावे.’ पुढं शाळा तपासायला शिक्षणखात्याचे मुहतमीमसाहेब आले. त्यांनी पट्टी वाचली, ‘वाहवा’ म्हणाले आणि खाली सही ठोकली. झालं! तेव्हापासून धाराशिवात पाणी शंभरावर उकळायला लागलं.

इंग्रजी सत्तेचाळीस साल उजाडलं, त्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गात शरणबसप्पा नावाचा पोरगा होता. परांडा तालुक्यातल्या सोनारीचा. बाप नव्हता, आई गौराबाई दोन म्हशींच्या दुधाचा खवा आटवून पोराला शिकवत होती. पोरगं धाराशिवात लिंगायतांच्या मठात राहायचं आणि तिथंच जेवायचं. त्या साली जाहीर झालं होतं की जिल्ह्यातून एका पोराला हैदराबादेत सायन्स शिकायला वजीफा मिळणार, राहणं-जेवणं सगळं सरकारचं. निवड मुहतमीमसाहेब स्वतः येऊन करणार. शरणबसप्पाला तो मिळाला तर कॉलेज, नाही तर सोनारी आणि खव्याची कढई. मधला रस्ता नव्हताच.

मास्तरांचा त्याच्यावर फार जीव. पण या पोराला एक खोड होती. सांगितलेलं ऐकून गप्प बसायचं नाही.

शिवरात्रीनंतर वर्गात स्टोव्ह पेटला. पाणी खळखळलं, पोरांनी एकेक करून डोळे लावले, अठ्ठ्याण्णव आणि दोन शंभर असं वहीत लिहिलं. शरणबसप्पानं लिहिलं नाही.

“मास्तर, यंत्र दोन अंश कमी दावतंय, तर मग बर्फात किती दावंल?”

“शून्याच्या खाली दोन.”

“तुमी बघितलंय?”

“अरे बाबा, धाराशिवात बर्फ आणायचा कुठनं? तुझ्या मठात लागतो का झाडाला?”

वर्ग खो-खो हसला. मास्तरही हसले आणि विषय तिथंच संपला, असं त्यांना वाटलं.

चार दिवसांनी भर दुपारी पोरगं वर्गाच्या दारात उभं. खांद्यावर पोतं, सदरा ओलाचिंब, पायावर धूळ. तुळजापुरात गुंडप्पाचं सोड्याचं दुकान होतं. त्याच्याकडं सोलापूरहून मोटारीनं भुश्यात घातलेला बर्फ यायचा. हा बहाद्दर आदल्या दिवशी पायी तुळजापूरला गेला, रात्री देवीच्या ओवरीत झोपला, आणि सकाळी गुंडप्पाच्या हातापाया पडून बर्फाचा तुकडा घेऊन मोटारीच्या टपावर बसून परत आला. निघताना नारळाएवढा होता, पोहोचेस्तोवर लिंबाएवढा उरला होता.

“लवकर करा मास्तर, इरघळतोय!”

मास्तर काय करतात, धावत जाऊन किल्ली आणली. बर्फ ठेचून वाटीत घातला, थर्मामीटर खुपसलं. सगळा वर्ग बाकावर चढून बघत होता. पारा उतरत उतरत आला आणि शून्यावर उभा राहिला. बरोब्बर शून्यावर. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. शून्यच.

“यंत्र खरं बोलतंय मास्तर,” शरणबसप्पा हळूच म्हणाला. “मग आपल्याकडं पाणीच अठ्ठ्याण्णवाला उकळतंय. आसं का?”

‘असं का’ हे दोन शब्द मास्तरांना अकरा वर्षांत कधी सुचले नव्हते. त्यांना पोराचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच.

घरी येऊन त्यांनी पुस्तक काढलं. परीक्षेला अठरा धडे होते, म्हणून मास्तरांनी अठराच शिकवले होते. पुढची पानं तर फाडून मोकळीसुद्धा केलेली नव्हती, छापखान्यातून आली तशीच एकमेकांना जोडलेली. मास्तरांनी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन पानं कापली. एकविसावा धडा हवेच्या दाबाचा. त्यात सरळ लिहिलं होतं: शंभर अंश ते समुद्रकाठी, जसं उंच जावं तसा हवेचा दाब कमी, आणि पाणी कमी अंशांवर उकळतं, हजार फुटांना साधारण एक अंश कमी. धाराशिव बालाघाटाच्या माथ्यावर, दोन हजार फुटांच्या वर.

“काय झालं हो?” बायको, उमाबाई, दारातनं म्हणाली. “चेहरा असा का?”

“पुस्तकातच होतं गं,” मास्तर म्हणाले. “अकरा वर्षं माझ्या पुस्तकातच होतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शरणबसप्पाला धडा वाचून मराठीत समजावला. पोराचे डोळे असे चमकले की विचारू नका. मास्तरांनी त्याच्यादेखत पेटीतली पट्टी नखानं खरवडून काढली.

“साहेबांपुढं काय सांगू?” पोरानं विचारलं.

“जे दिसेल ते सांग.”

“आन् त्यांनी न्हाय मानलं तर?”

“मी आहे की तिथं,” मास्तर म्हणाले. अगदी सहज म्हणाले. माणूस असं बोलताना पुढचा दिवस कुठं बघत असतो?

मुहतमीमसाहेब आले ते फाल्गुनाच्या शेवटी. दिवस वाईट होते. मराठी वर्तमानपत्र घरी सापडलं म्हणून महिन्यापूर्वीच एका मास्तरांची नोकरी गेली होती, आणि सरकारी पुस्तकावर बोट ठेवणाऱ्याकडं लोक कसे बघायचे ते वेगळं सांगायला नको. साहेब मात्र स्वभावानं मऊ. इतिहास शिकलेले, शेरोशायरीचे शौकीन, पोरांशी हसून बोलणारे. ते रागीट असते तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढं जन्मभर वाटत राहिलं.

वजीफ्यासाठी दोनच पोरं उरली होती. साहेबांसाठी म्हणून स्टोव्ह पुन्हा पेटला, पाणी खळखळलं. आधी बलभीम, मोंढ्यातल्या आडत्याचा. त्यानं थर्मामीटरकडं ओझरतं बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “सौ.” बर्फाच्या दिवशी हाही बाकावर चढून बघत होता. पण मॅट्रिकला काय लिहायचं असतं ते त्याला पक्कं माहीत होतं.

मग शरणबसप्पा पुढं आला. खाली वाकला, डोळा पाऱ्याच्या पातळीवर आणला, श्वास रोखून बघितलं.

“अठ्ठानवे.”

“और दो?” साहेब हसून म्हणाले. त्यांना पट्टी आठवत होती.

“जी नहीं. दो नहीं मिलाना. यंत्र सही है. हमने बर्फ में देखा. अपना गाँव ऊँचा है, इसलिए...”

उर्दू तिथं संपली. पुढचं सगळं पोराला मराठीत येत होतं, दाब, उंची, हजार फूट, सगळं. पण साहेबांपुढं मराठी कशी बोलायची? त्यानं मास्तरांकडं बघितलं.

साहेबांनीही मास्तरांकडं बघितलं. पेटी उचलली, झाकण उघडलं. पट्टीच्या जागी खरवडलेला डाग होता आणि कोपऱ्यात त्यांच्याच सहीचं शेपूट राहिलेलं होतं. त्यांचा चेहरा जरा उतरला. पण आवाज चढला नाही.

“मास्टरसाहब, आप बताइए. किताब में क्या लिखा है?”

बोला की मास्तर! एकविसावा धडा टेबलावरच होता, कापलेली पानं वाऱ्यानं फडफडत होती. नुसतं पुस्तक उघडून पुढं सरकवायचं होतं. पण त्यासाठी म्हणावं लागणार होतं, की मी अकरा वर्षं चूक शिकवलं, आणि साहेब, त्याखाली सही तुमची आहे. मास्तरांना ती सही दिसत होती, घर दिसत होतं, गेल्या महिन्यात सामान बांधून गेलेले ते मास्तर दिसत होते. आणि साहेबांनी विचारलं होतं ते तरी काय? किताबात काय लिहिलंय, एवढंच ना?

“सौ,” राघवेंद्र मास्तर म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. शरणबसप्पाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बेटा, ज़ेहन अच्छा है. मगर किताब ध्यान से पढ़ा करो.” वजीफा बलभीमला गेला. शरणबसप्पानं थर्मामीटर पुसून पेटीत ठेवलं आणि झाकण अलगद लावलं. तेवढं करून तो मठात गेला, आणि तिथून सोनारीला.

आठ-पंधरा दिवसांनी गौराबाई आली. मास्तरांना वाटलं, आता ही बाई शिव्या घालणार. घातल्या असत्या तर मास्तरांनी कान देऊन ऐकल्या असत्या. पण तिनं पदराखालून खव्याची वाटी काढून उमाबाईच्या हातात दिली आणि उंबऱ्याशी टेकली.

“मास्तर, आमच्या लेकराचं काय चुकलं, तेवढं सांगा. त्यो काय बोलंना. कढईपुढं बसतोय, दूध उकळाय लागलं की बघत ऱ्हातोय नुसता. काय चुकलं त्याचं?”

“काही चुकलं नाही हो.”

“आसं कसं? कायतरी चुकलं आसल. चुकल्याबिगर नापास करत्यात व्हय?”

“नाही चुकलं बाई. खरंच नाही.”

आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय एवढं तिला कळलं, पण मास्तर मोठे, शिकलेले, त्यांना उलटं कसं बोलायचं? “बरं, खवा खावा,” म्हणाली आणि गेली. मास्तरांना त्यातला कणही गिळवला नाही.

नवीन वर्ग भरला तेव्हा मास्तरांनी मनाशी ठरवलं, यंदा खरं शिकवायचं. मग साहेब काय म्हणायचे ते म्हणोत. पट्टी नाही, दोन अंश नाहीत, एकविसावा धडा आधी. त्यांनी टेबलावर चंबूत पाणी भरून ठेवलं, थर्मामीटर त्यात सोडलं आणि म्हणाले, “आता प्रत्येकानं पुढं यायचं, नीट बघायचं आणि जे दिसेल तेच सांगायचं. पुस्तकाकडं बघायचं नाही. घाबरायचं नाही.”

बोलता बोलता ते काडेपेटी शोधायला वळले. पहिल्या बाकावरचा एक पोरगा उठला, चंबूजवळ आला, हात मागं बांधून नीट वाकला.

“सौ,” तो म्हणाला.

दुसरा आला. “सौ.” तिसराही आला. “सौ.”

मास्तर काडेपेटी हातात धरून उभे राहिले. स्टोव्ह अजून पेटवलाच नव्हता.

“अरे, पाणी गार आहे रे,” ते म्हणाले. “बोट घालून बघा. गार आहे.”

पोरांनी एकमेकांकडं बघितलं, मग मास्तरांकडं बघितलं. मास्तर आपली परीक्षा घेतायत, हे त्यांनी ओळखलं होतं. शरणबसप्पाचं काय झालं ते सगळ्या शाळेला माहीत होतं. चौथा पोरगा पुढं आला, पाण्यात बोट घातलं, सदऱ्याला पुसलं आणि मोठ्यानं म्हणाला, “सौ.”