सुकट, भाकर आणि निळं जाळं

उन्नतीकडे दोन ससे होते. पांढऱ्याचं नाव भाकर, तपकिरीचं सुकट. शिरवण्यासारख्या खाडीकाठच्या गावात जन्मलेल्या पोरीने सशांना दुसरी नावं तरी काय द्यायची! वर्षभर दोघं गॅलरीतल्या पिंजऱ्यात राहिले. त्या वर्षात सुकटने बाबांचे दोन चार्जर कुरतडले. उन्नतीने ते गुपचूप उंदरांच्या नावावर खपवले, पण वास काही कोणाच्या नावावर खपवता येईना. शेवटी आई म्हणाली, "हे ध्यान खाली ने, नाहीतर मीच कुठेतरी नेऊन सोडते."

खाली म्हणजे बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत उरलेल्या मातीच्या पट्टीत. ही बातमी ऐकून सगळ्यात जास्त आनंद झाला तो नामा आबांना. आबा म्हणजे उन्नतीचे आजोबा. तरुणपणी खाडीत मासे मारायचे, आता खोल्यांची भाडी वसूल करण्याखेरीज हातांना काम नाही म्हणून घरभर कुरकुरत फिरायचे.

"कुंपन मी बांधतो," ते उठलेच. "बांबू हाय, जागा हाय. नि जालं तं घरातच हाय!"

त्यांनी माळ्यावरून निळ्या नायलॉनच्या दोऱ्याची रिळं आणि जाळं विणायची बांबूची सुई काढली. जाळीचं कुंपण करायचं तर ते हाताने विणूनच, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की बाजारात तारेची जाळी मिळते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

या सगळ्यात वर्गातल्या अस्मिताला बोलवायची काहीएक गरज नव्हती. बोलावलं उन्नतीनेच. स्वतः नुकतीच वर्गाची मॉनिटर झाली होती, भाषणात पहिली आली होती, आणि आपण एवढं भारी काम करणार तर बघायला कोणीतरी हवं की! शनिवारी अस्मिता कोपरखैरण्याहून आली ती थेट मोजपट्टी घेऊन. तिचे पप्पा तुर्भ्याला कारखान्यात फिटर.

"सहा बाय चार पुरेल," ती म्हणाली आणि तिने चुन्याने रेघा आखल्यासुद्धा. "आबा, ससे बिळं खोदतात. खालून विटा पुरू या का?"

"वा गं पोरी!" आबा म्हणाले. "ह्या तं माझ्या टकुऱ्यातच नवता."

उन्नती हसली. थोडंसंच. मग ती विटा उचलायला लागली, कारण दुसरं काम शिल्लकच नव्हतं. चार कोपऱ्यांत बांबू रोवून झाले, सावलीला एका टोकाला पत्रा टाकला, आणि आबा सुई घेऊन बसले.

"आबा, ही गाठ कशी मारता?" अस्मिता उकिडवी बसली. "मला शिकवाल?"

आबांचा हात हवेतच थांबला. हाच प्रश्न उन्नतीने विचारावा म्हणून ते किती वर्षं वाट बघत होते! दर सुट्टीत ते म्हणायचे, "ये, तुला गाठ शिकवतो." आणि दर सुट्टीत उन्नती म्हणायची, "आबा, नंतर ना."

"इकरं बस, माझी बाय," आबा अस्मिताला म्हणाले.

माझी बाय! उन्नतीच्या पोटात कोणीतरी हिरवी मिरची ठेचली. हा शब्द तिचा होता. जन्मापासून तिचा! आबा इतर पोरींना नुसतं 'पोरी' म्हणायचे. आणि आता बांबूच्या सुईवरून तो शब्द सरळ दुसरीच्या मांडीवर जाऊन पडला.

रविवारी दुपारपर्यंत अस्मिताची सुई अशी चालायला लागली की आबांनी आजीला हाक मारली. "गोजरा, बघ गं, पोरीचा हात!"

गोजरा आजी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आपल्या उन्नतीला नाय जमला, ता हिला दोन दिसांत जमला."

"मला जमत नाही असं नाही," उन्नती फणकारली. "मी कधी केलंच नाही!"

"मी बी तं तेच बोलते."

अस्मिता बिचारी ओशाळली. जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "ए, ससे नायलॉन चावत नाहीत ना गं?"

उन्नतीच्या डोळ्यांपुढे दोन्ही चार्जर येऊन उभे राहिले. एक शब्द बोलली असती तर काम तिथेच थांबलं असतं. पण समोर अस्मिताने विणलेली अख्खी बाजू उन्हात निळीशार चमकत होती, आणि आबा त्या जाळ्यावरून असा हात फिरवत होते की जशी काही सशाची पाठच.

"छे! गवताशिवाय त्यांना काही कळत नाही," उन्नती म्हणाली. फाटू दे, तिला वाटलं. मग बघू कोण कोणाची बाय आहे.

संध्याकाळी कुंपण पुरं झालं आणि ससे आत सोडले. सोमवारी शाळेला निघताना तिने बघितलं. अस्मिताच्या बाजूला, अगदी खाली, मुठीएवढं भोक. ससे आतच होते. तिने भोकापुढे वीट टेकवली आणि वर ओरडली, "आबा, अस्मिताच्या गाठी सुटल्या वाटतं!"

"सुटल्या?" वरून आवाज आला. आबा मोरा गावी बहिणीकडे निघायच्या घाईत होते. "घाई करते ती. संध्याकाली बघतो."

उन्नतीला काय गार वाटलं म्हणून सांगू! तो गारवा मधल्या सुट्टीपर्यंत टिकला. अस्मिताला सांगितल्यावर तिने डबा तसाच बंद केला. "मी प्रत्येक गाठ ओढून बघितली होती गं. आबा चिडले का?"

शाळा सुटल्यावर ती उन्नतीबरोबर थेट शिरवण्याला आली, गाठी परत मारायला. पण कुंपणाशी पोचल्यावर दोघी थांबल्या. भाकर कोथिंबीर खात होता. सुकट कोपऱ्यात पाठ फुगवून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. सकाळचं गाजर तसंच. उन्नतीने त्याला उचललं तर पोट फुग्यासारखं टणक.

गोजरा आजीने पदर खोचला, रिक्षा थांबवली. नेरूळच्या डॉक्टरीणबाईंनी सुकटचं पोट दाबून बघितलं. "काही भलतंसलतं खाल्लंय? वायर, प्लास्टिक, दोरा? आधी सवय आहे? नीट सांग, त्यावर औषध ठरतं."

आजी म्हणाली, "नाय वो, गवत खातो नुसता."

अस्मिता म्हणाली, "गाठी सुटल्यात फक्त. माझ्याच."

दोघींपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं. खोटं बोलणारी एकच होती, आणि तिच्या हातांत सुकटचं काळीज धडधडत होतं. आता बोललं तर आबांपर्यंत जाणार, आणि मग ती आयुष्यात कोणाची बाय उरणार नव्हती.

"खातो," उन्नती म्हणाली. "सगळं खातो. चार्जर त्यानेच खाल्ले होते. जाळं पण त्यानेच चावलं. गाठी सुटल्या नव्हत्या. मला ठाऊक होतं तो चावणार."

अस्मिताने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, पिचकारीने औषध पाजलं. "पोट हलकेच चोळत राहा. लेंड्या पडल्या की सुटलो. उद्या सकाळपर्यंत नाही पडल्या तर लगेच घेऊन या. आणि ते नायलॉन काढून बाजारातली तारेची जाळी लावा."

घरी आबा कुंपणाशी बसले होते, भोकाच्या कडेवरून बोटं फिरवत. आजीने सगळं सांगितलं. आबा उन्नतीला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "गाठ तं एक बी हलली नाय." आणि मग अस्मिताकडे वळले. "तुला उगाच बोललो, बाय. चल, दिवस बुडायच्या आत तारेची जाली आनू. तुझा माप पक्का हाय."

दोघं मोजपट्टी घेऊन गेटकडे निघाले. उन्नती पायरीवर बसली, मांडीवर सुकट. मिरची अजून ठेचलेलीच होती, उलट तिखट वाढलं होतं. पण बोटं थांबली नाहीत. वरून खाली, वरून खाली.

आणि फ्रॉकवर काहीतरी टप्पकन पडलं. एक लेंडी. मग दुसरी. मग तिसरी, तिच्यातून निळा दोरा डोकावत होता!

उन्नती उठली ती किंचाळतच. गेटपाशी आबा होते, खिडकीत आई होती, ओट्यावर आजी होती. पण तोंडातून जे नाव निघालं ते तिने ठरवून काढलं नव्हतं.

"अस्मिता! ए अस्मिता! पडली!"

अस्मिता वळली. क्षणभर तशीच उभी राहिली, मोजपट्टी हातात धरून. मग चपला वाजवत धावत आली आणि उन्नतीच्या फ्रॉकवर वाकून बघायला लागली.

"किती?" तिने विचारलं. अजून रागातच होती. "सगळा दोरा आला का? नीट मोज."